विहिरीवरची साक्ष

अमरावती, सोमवार, १२ ऑक्टोबर १९३६

आज पक्कं ठरलं. ८ नोव्हेंबरला चर्चमध्ये कापणीचा सण. मिशनचे सेक्रेटरी साहेब नागपूरहून येणार आणि साक्ष आमचे बाबा देणार. इथल्या मंडळीत बाप्तिस्मा घेतलेला पहिला माणूस म्हणजे बाबा. भातकुलीच्या मळ्यात मोट हाकताना त्यांना प्रभूची हाक ऐकू आली, आणि मोट तशीच टाकून ते मिशनच्या दारात आले. ही हकिकत मिशनच्या रिपोर्टात छापलेली आहे. (लिहून मीच दिली होती, पण ते वेगळं.)

अकोल्याच्या चर्चमधल्या पाळकाची जागा रिकामी आहे. बाबा नीट बोलले तर ती कोणाला मिळेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

अडचण एकच. बाबांना हल्ली काही आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, वयाचा आजार, इलाज नाही. माझ्या मते आळस. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं प्रॅक्टिस. महिनाभरात लाइनीवर आणतो.

१४ ऑक्टोबर

प्रॅक्टिस सुरू. विचारलं, बाबा, मी कोण? म्हणाले, मास्तर.

बरोबरच आहे. मी मिशन शाळेचा हेडमास्तर आहे. प्रगती चांगली.

१९ ऑक्टोबर

दोन दिवस बाबा जेवले नाहीत. म्हणतात, किरिस्तावाच्या घरचं मी खात नसतो, जात जाईल. अहो, छत्तीस वर्षं काय खाल्लं मग?

दुपारी शाळेतून लवकर आलो तर बाबा मजेत भाकर खाताहेत. लीलाबाईनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, त्यांना सांगितलं होतं की मी तुमची बहीण पार्बता, आणि हे भातकुलीचंच घर. हेडमास्तरच्या घरात दिवसाढवळ्या खोटं! चांगलं फैलावर घेतलं तिला. तर म्हणे, खाल्लं ना त्यायनं? मंग झालं.

तिच्याशी बोलणं बंद. (चहापुरतं चालू.)

२६ ऑक्टोबर, सकाळी ७

'मी विहिरीवर मोट हाकत होतो' हे वाक्य अकरा वेळा म्हणून दाखवलं. बाराव्या वेळी बाबा माझ्यावरच खेकसले. कोन्ती मोट? छप्पनचा दुष्काळ होता तो, इहीर कोरडी ठण्ण. पानी नाही, त मोट का हवेची हाकू?

छप्पनचा दुष्काळ म्हणजे संवत १९५६चा, सन १९००. आता काढला हिशेब, तर बाप्तिस्मा त्याच साली. इतक्या वर्षांत हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. साहेबांच्याही येणार नाही. तरी 'विहिरीत थोडं पाणी होतं' एवढं घालून घ्यावं.

४ नोव्हेंबर

जमलं! बाबांनी सगळी साक्ष घडाघडा म्हटली. लीलाबाई शेजारी भाजी निवडत बसली होती, तिलाच सांगितल्यासारखी म्हटली. पण शिकवली कोणी? मी.

माझा काळा कोट धोब्याकडे टाकला. अकोल्याच्या बंगल्याला खिडक्या किती आहेत याची चौकशी केली. पडदे लागतील.

८ नोव्हेंबर, रविवार, दुपारी ३

लिहवत नाही. तरी लिहितो.

पुढच्या टेबलावर लोकांनी आणलेली वांगी, कोहळे, संत्री मांडलेली. बाबा फेटा बांधून उभे राहिले, सरळ टेबलाकडे गेले, एक वांगं उचलून दाबलं आणि साहेबांना म्हणाले, किडकं हाय. लोक हसले. मीही हसलो, म्हटलं आता सुरू करतील.

केलं सुरू. म्हणाले, सायब, इहिरीत पानी नव्हतं. पोरगं दोन वर्साचं, हगवनीनं पाय लुळे पडले. इथं दूध भेटे, दवाई भेटे. मीच म्हटलं पाद्रीसायबाले, माह्यं पोरगं चालतं करा, मी घेतो तुमचं पानी डोक्शावर. पोरगं चालाले लागलं का जाईन भातकुलीले. आता सुट्टी द्या मले.

आणि हात जोडले.

मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं, विहिरीबद्दल देवाचे आभार मानत आहेत. साहेब स्वच्छ मराठीत म्हणाले, मला समजलं.

९ नोव्हेंबर

दगा. सख्ख्या बापानं दिलेला दगा. बाबांशी बोलणं कायमचं बंद.

त्या हाकेवर मी किती उपदेश केले! शाळेतल्या पोरांकडून पाठ करून घेतली. बाबा पहिल्या बाकावर बसून ऐकायचे आणि मान डोलवायचे. एकदा तरी म्हणायचं होतं, बाबू, असं नव्हतं. मग रोज पहाटे माझ्याआधी उठून गुडघे टेकायचे, ते काय होतं? माझ्या पायांसाठी चाललं होतं की खरंच कोणी ऐकत होतं त्यांचं? विचारावं कोणाला? ज्याला ठाऊक तो माणूस गेला, आणि खाटेवर बसून मला मास्तर म्हणतो.

१२ नोव्हेंबर

अकोल्याची जागा जानराव मास्तरांना. त्यांचे वडील वारलेले आहेत. त्यांना सोपं आहे.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६

लीलाबाई बायकांच्या प्रार्थनासभेला गेली. बाबांना वाढणं माझ्याकडे आलं. ताटाला हात लावीनात. मग म्हणाले, मास्तर, तुमी शिकेल मानूस. माह्यं पोरगं चालते का आता?

म्हटलं, चालतो.

विश्वास बसेना. मी उठलो, धोतर गुडघ्याच्या वर धरलं, चुलीपासून दारापर्यंत चालत गेलो आणि चालत परत आलो. म्हटलं, हे बघा. बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, तुमचं नाही इचारून राहिलो.

मग म्हणाले, पोरगं चालते, त मले भेटाले काहून येत नाही?

म्हटलं, कामात असतो. उद्या येईल.

बरं म्हणाले. अर्धी भाकर खाल्ली.