शेजारणीचे बूट

२ मार्च १८७६, लंडन

दिवस वाया! चर्चच्या पायऱ्यांवर व्हायोलेटच्या फुलांच्या जुड्या विकणारी ती किझी — चित्रासाठी बोलावली, तर पोर चक्क घासूनपुसून हजर! केस विंचरलेले, पायात शेजारणीचे ढगळ बूट. "आई म्हणाली, साहेबांकडे जायचंय, नीट जा." मी डोक्याला हात लावला. दारातूनच परत पाठवली — उद्या रोजच्यासारखी ये! आम्हा चित्रकारांचं हेच रडगाणं. गरिबाला बोलवा, तो सणाला निघाल्यासारखा येतो.

३ मार्च

आली. चेहरा आज हवा तसा मळका. तरी गालावर थोडा कोळसा मीच फासला. बूट काढायला लावले. फरशी बर्फासारखी, पण पोर हलली नाही.

"साहेब, चित्रात तरी बूट घाला ना!"

"बघू," म्हणालो.

९ मार्च

चित्रांचा दलाल पिम येऊन गेला. बुटांचा विषय काढला तर फिदीफिदी हसला — "बूट घातलेली गरिबी दिवाणखान्यात कोण टांगतो, राव?" अनवाणीच ठेवली.

६ मे

प्रदर्शनात किझीपुढची गर्दी हटेना. पहिल्याच दिवशी विकली गेली!

२० मे

किझीची आई आली होती. पोर एप्रिलातच गेली — तापाने. मला पत्ताही नाही.

बाई रडली नाही. म्हणाली, "तिची दुसरी तसबीर नाही, साहेब. प्रदर्शनात जाऊन बघितली. लोक म्हणत असतील, आईनं पोरीचं कधी तोंडसुद्धा धुतलं नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या थंड फरशीवर तास न् तास उभी केली होती मी तिला. शब्द दिला — नवी काढून देतो. स्वच्छ, बूट घातलेली.

२७ मे

बूट जमले. चेहरा जमत नाही. कोळसा फासलेला गाल डोळे मिटून काढीन. पण पहिल्या दिवशीचा धुतलेला चेहरा काही केल्या आठवत नाही. मी तो बघितलाच नव्हता! आज तिच्या आईला तसं सांगून टाकलं. ती निघून गेली.

२९ मे

सकाळी दारात तीच. केस विंचरलेले, तोंड घासून लाल केलेलं, पायात शेजारणीचे बूट.

"सगळे म्हणायचे, पोर माझ्याच वळणावर गेलीय. माझ्यावरून काढा, साहेब."