चंदनच्या वाट्याच्या गोळ्या

२१ जानेवारी १९९७, मंगळवार

रात्रभर झोप नाही. पोटामुळे नाही हं — पोट काल गप्प होतं! भीतीनं.

काल बंगळूरात मल्लेश्वरमच्या दवाखान्यात गुरुराज डॉक्टरांनी कागदावर आमचं घराणं काढलं. बाई म्हणजे गोल, गडी म्हणजे चौकोन. नवऱ्याचा चौकोन काढायला लागले तर मी म्हटलं, सर, तो काढलाय की! आईचा धाकटा भाऊ — तोच. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"मामा की नवरा?"

"दोन्ही, सर."

आमच्यात चालतं ते. पण मग रेघ अशी फिरवली, अशी फिरवली, कागदाची रांगोळी झाली! मामा बाजूला लाजून लाल. (लग्नाला चार वर्षं झाली तरी मामाच म्हणते. तोंडाला बसलंय.)

मग विचारलं, हे रक्त पडणं, आतड्याला जखमा — घरात आणखी कुणाला? हे बीजातनं येतं म्हणे. सगळंच नाही, पण थोडं. भावाबहिणींत जास्त.

मी म्हटलं, कुणाला नाही.

खोटं! चंदनला आहे. माझा पाठचा भाऊ, निपाणीत असतो. दोन वर्षं सोसतोय. कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय, माझ्या लेकीच्या, मैत्रेयीच्या डोक्यावर हात ठेवून. चैत्रात त्याचं लग्न. मुलगी मामांच्या थोरल्या भावाची, वसुमती. कळलं तर मोडणार. म्हणजे मामांनाही सांगायची सोय नाही.

आणि माझी मैत्रेयी? दोन वर्षांचं पोर. तिच्यात उतरलं असलं तर? रात्रभर तिच्या पोटावर हात ठेवून बसले. ती आपली घोरतेय!

२२ जानेवारी

मैत्रेयीची शी बघितली. पिवळी धमक! एवढा आनंद सोन्याच्या बांगड्या मिळाल्या तेव्हा पण झाला नव्हता.

२ फेब्रुवारी

गोळ्या लागू पडल्या! मोठ्या पिवळ्या आणि बारक्या पांढऱ्या. दिवसाला बारा वेळा पळायची मी, आज एकदाच. एकदाच!

भूक तर अशी, मामांच्या ताटातली भाकरी पण खाल्ली. तोंड फुगलंय. डॉक्टर म्हणाले पांढऱ्या गोळ्यांनी फुगतं. शेजारच्या महानंदाबाईंना काय माहीत. "येनु चंपा, चिकपेटचं दुकान नवऱ्याच्या नावावर झालं काय? स्वल्प आमच्याकडे पण बघ!" मी म्हटलं, बाई, नवरा अजून साड्यांच्या घड्याच घालतोय. ही सूज आहे, सूज!

५ फेब्रुवारी

एसटीडी बूथवरनं चंदनला फोन केला. तो समोरच्या किराणा दुकानात येऊन बोलतो. हळूच म्हणाला, "अक्के, परत रक्त. दिवसाला दहादा. लग्नात हळदीला बसू की संडासात बसू?" आणि हसला. मी पण हसले. मग रडू आलं.

डॉक्टरकडे जा म्हटलं. "गावात? इथला कंपाउंडर वसुमतीच्या बापाबरोबर रोज चहा पितो!"

घरी येताना डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही दोघं एका आईच्या पोटातली. बीज एकच, डॉक्टरच म्हणाले. रोग एकच. मग गोळी पण एकच की!

७ फेब्रुवारी

काल शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात तळाशी निम्म्या गोळ्या घातल्या. निपाणीच्या बसच्या ड्रायव्हरकडे डबा दिला. "अक्का, वास झकास येतोय. हुबळीपर्यंत राहील असं काय सांगता येत नाही!" मी म्हटलं, अण्णा, चिमूटभर जरी कमी झाली ना, तर बघा!

वाटलं, डबा निपाणी बघतोय की नाही. पण पोचली.

२३ फेब्रुवारी

चंदन म्हणतो, "काय चटणी केलीस गं अक्के! आज एकदाच गेलो." दुकानातले ऐकतात म्हणून गोळ्यांना चटणी म्हणतो. दुकानदारानं मागून विचारलं, चटणी खाऊन एकदाच जातात काय? मी एवढी हसले की बूथवाल्यानं मला बाकावर बसवलं.

चौथी पास बाई मी. डॉक्टरीण झाले की!

१ मार्च

गुरुराज डॉक्टर खूश. पांढऱ्या आता कमी करत आणायच्या म्हणाले. कसं ते इंग्रजीत लिहून दिलंय. मी मान डोलावून म्हटलं, सरी सर.

कमीच करायच्या तर मला कशाला हव्यात? मी ठणठणीत आहे. पांढऱ्या सगळ्या चंदनला पाठवल्या. शुक्रवार, चौदा तारखेपर्यंत पुरतील त्याला.

९ मार्च

लग्नासाठी मामांनी हिरवी साडी आणली. "नवरीपेक्षा जास्त नटू नकोस," म्हणाले. नेसून बघताना गरगरलं. ऊन असेल.

१३ मार्च, गुरुवार, दवाखाना

परवा न्हाणीत पडले. उलट्या, रक्त. हात उचलायचं बळ नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, पांढऱ्या कधी सोडल्या? बोटं मोजून सांगितलं. ते ओरडलेच — त्या एकदम सोडायच्या नसतात, थोड्या थोड्या कमी करायच्या असतात! एकदम सोडल्या की जिवावर बेततं!

ते गेले आणि मग मला चंदन आठवला. त्याच्या उद्या संपतात. तो वाट बघेल चटणीची.

मामा माझ्यासाठी रक्त आणायला गेलेत. आतडं काढायचंय म्हणून आत न्यायला सिस्टर आलीय. ती केरळची, तिला माझं कळत नाही, मला तिचं.

वही उशीवर उघडी ठेवते. मामा असाल, कुणी पण असाल — शपथ मोडली, लग्न मोडलं तरी मोडू दे. दुकानाचा नंबर मागच्या पानावर आहे. सांगा, गोळ्या एकदम बंद करू नको, आजच मोठ्या डॉक्टरकडे जा, खरं सांग. हे वाचाल तसं उठा आणि माझ्या भावाला फोन करा.