हळदीचा व्हॉल्व, कुंकवाचा व्हॉल्व

१२ ऑगस्ट १९५८, मंगळवार. जळगाव.
आजपासून रोजनिशी. मी सांगायचं, सूनबाईनं, म्हणजे पुष्पानं, लिहायचं. वाचायचं कुणीच नाही. मला तर अक्षर येत नाही, तेव्हा माझ्याकडून धोका नाही.
कारण असं. माझ्या निंबाचे आबा वैशाखात गेले. मागे त्यांचा ग्रामोफोनचा ॲम्प्लिफायर राहिला. लाकडी खोकं, आत काचेचे दिवे. त्या दिव्यांना व्हॉल्व म्हणतात. त्यातला मोठा थकलाय, असं लीलाधर रेडिओवाल्याचं म्हणणं. त्यानं नवा आणलाय. दोन्हींतला जो नको असेल तो गल्लीतल्या सुनंदाबाईच्या रेडिओ सेटला लावणार. तिच्या सेटला काहीही चालतं, तिच्यासारखंच.
निंबा म्हणाला, माय, आबांचा व्हॉल्व आठवण म्हणून कपाटात ठेवू. मी म्हटलं, मी काचा पुजणारी बाई नाही. दोन्ही ऐकणार, आवाज चांगला तो घरात राहील. आबांचा म्हणून नव्हे.
कुठला चांगला निघणार ते मला आताच माहीत आहे. पुष्पा, हे लिहू नको.
जेवले. झोपले.

१४ ऑगस्ट, गुरुवार
लीलाधरचा आमच्या गल्लीतला वार गुरुवार. दोन्ही व्हॉल्व दिसायला जुळे भाऊ. काचेवरची अक्षरं उडालेली, म्हणजे आज पुष्पा आणि मी सारख्याच अडाणी. निंबा म्हणाला, चिठ्ठी चिकटवू. मी म्हटलं, तापून जळेल. खूण मी सुचवली. आबांच्या व्हॉल्वच्या बुडाला हळदीचं बोट, नव्याला कुंकवाचं. नवी सून घरात येतेय, कुंकू लागणारच. लीलाधर म्हणाला, अक्का, तुम्ही इंजिनीअर व्हायला पाहिजे होतं. मलाही तसंच वाटलं.
हळद मी लावली. कुंकवाचा डबा आता पुष्पाकडे असतो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळी समोरची वच्छलाबाई रडायला आली. तिनंच रडून घेतलं. मी चहा दिला. म्हणे, तुम्ही अजून रडल्या नाहीत, दगड झाल्या का? मी म्हटलं, सध्या टेस्ट चालू आहे, सवड नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार
पहिली टेस्ट. मी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. लीलाधरनं आधी हळद लावला, मग कुंकू. तबकडी एकच, सनईची.
हळद: मऊ. गरम भाकरीवर लोणी पसरावं तसा.
कुंकू: कडक. कोऱ्या धोतरासारखा, खळ न गेलेला.
निंबा म्हणाला, मला दोन्ही सारखे वाटले. त्याचा कान वडिलांवर गेला नाही. माझा तयार आहे. आबा रोज संध्याकाळी बटण दाबायचे, खुर्चीत बसायचे आणि सगळ्यांना गप्प करायचे: "थांबा, तापतोय अजून." मग दिवे लालसर व्हायचे, मग सनई. मी तेव्हा स्वयंपाकघरात. समोर बसून एकदाही ऐकलं नाही हे खरं. पण भिंतीआडून ऐकलेलं जास्त पक्कं बसतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार
दुसरी टेस्ट. लीलाधर व्हॉल्व काढतो, फडक्यात धरतो, थंड होईतो तंबाखू मळतो, चुना लावतो, पुन्हा व्हॉल्व धरतो. मी म्हटलं, हात धू. म्हणाला, अक्का, आवाजाला तंबाखूचा वास येत नाही. वाचाळ आहे, पण येतो वेळेवर.
आज हळद थोडा कडक वाटला. हवा दमट होती.

४ सप्टेंबर, गुरुवार
फायनल. सुनंदाबाईलाही साक्षीला बोलावलं. माझं तोंड भिंतीकडे. लीलाधरला बजावलं, कुठला लावलास ते बोलायचं नाही. पहिला वाजला. दुसरा वाजला. दुसऱ्याला मी हात वर केला: हाच! मागे वळूनही पाहिलं नाही. ओळखीच्या माणसाला वळून काय बघायचं?
सुनंदाबाई म्हणाली, "अक्का, हाई बी वाजस, ते बी वाजस. बठ्ठं सारखंच शे." तिला सगळंच सारखं. उरलेला व्हॉल्व तिला दिला. खुशीनं घेऊन गेली.
जेवले. झोप चांगली लागली.

५ सप्टेंबर, शुक्रवार
पुष्पा धूळ पुसत होती. म्हणाली, आत्याबाई, खोक्यातल्याची खूण लाल आहे.
लाल म्हणजे नवा. म्हणजे आबांचा सुनंदाबाईकडे.
मी तडक सुनंदाबाईकडे निघाले. चपला घातल्या. सुनंदाबाईनं सेट उघडून दाखवला. तिच्याकडचाही लाल.
लीलाधरला बोलावणं धाडलं. त्याची बोटं बघितली आणि सगळं कळलं. बोटांना चुना. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे लग्नाआधीपासून मला येतं. मीच हळद लावली, मीच त्याला तंबाखू मळताना बघितलं.
लीलाधर मान खाली घालून म्हणाला, अक्का, चुकलं. पण तुम्ही आहात ना? दोन्ही लावतो, कानानं ओळखा.
निंबा माझ्याकडे बघत होता. पुष्पा बघत होती. सुनंदाबाईही बघत होती.
मी म्हटलं, आज सर्दी आहे.

७ सप्टेंबर, रविवार
सर्दी चालूच. सुनंदाबाईचा सेट गल्लीतून ऐकू येतो. मी ऐकत नाही. मऊ वाजतो.
निंबा म्हणाला, माय, कपाटात ठेवला असता तर... मी म्हटलं, ताट वाढते, जेव.

९ सप्टेंबर, मंगळवार. दुपार.
सर्दी गेली. ठरवलं, कुणी नको, एकटीनं टेस्ट. निंबा कामावर, पुष्पा मागे धुणं धूत होती. तबकडी सकाळीच तिच्याकडून ठेवून घेतली होती. बटण आज मी दाबलं, जन्मात पहिल्यांदा. आबांच्या खुर्चीत बसले. डोळे मिटले.
पहिल्यांदा काहीच नाही. मग आला. हळू, मऊ, भिंतीपलीकडून यावा तसा. तोच. शंकाच नको. आबांचा घरातच राहिलाय. निकाल फायनल.
पुष्पा ओले हात घेऊन आली. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी म्हटलं, ऐकलास का? हाच की नाही?
ती हळूच म्हणाली, आत्याबाई, करंट सकाळपासून नाही. तबकडी फिरत नाहीये.
मी डोळे उघडले नाहीत.
म्हटलं, गप्प बस. तापतोय अजून.