अकरा टपऱ्या, तीन आरोपी

१२ ऑगस्ट २०२५, मंगळवार

एक कोडं. रस्त्यावर सगळेच एकच चूक करत असतात आणि खटला मात्र दोघातिघांवरच होतो. हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं. मग निवड केली कोणी?

आज टेबलावर नेमकं तेच आलं. १३ जुलै, रविवार, भुशी धरणाचा रस्ता. सार्वजनिक रस्त्यात अडथळा. पंचनाम्यात मक्याच्या कणसांच्या अकरा टपऱ्या. दोषारोपपत्रात आरोपी तीन! सावित्राबाई, तिची मुलगी उज्ज्वला, दीर शिदू. तिघेही डोंगरावरच्या वाडीतले. उरलेल्या आठ टपऱ्या खालच्या गावातल्या. त्यांचं काय झालं? कागद गप्प.

नाव कोणाचं घालायचं हे पोलीस ठरवतात. पण खटला चालवायचा की मागे घ्यायचा, हे सरकारी वकील म्हणून मी ठरवू शकते — न्यायालयाची संमती मिळाली तर. पंधरा वर्षांत हा अधिकार दोनदा वापरला. दोन्ही वेळा वरून पत्र आलं होतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

तिघे हजर. वकील नाही. न्यायाधीशांनी "गुन्हा कबूल आहे का?" विचारायच्या आतच सावित्राबाई "व्हय, व्हय" म्हणून मोकळी. बाहेर कोणीतरी सांगितलेलं — कबूल करा, दंड भरा, जेवायला घरी.

उज्ज्वला मात्र पुढे आली. "मला नाही कबूल, साहेब. वनरक्षक म्हणून निवड झालीय माझी. सप्टेंबरात चारित्र्य पडताळणी आहे. शिक्षा झाली असं लागलं तर गेलं सगळं."

"मग नाव कसं आलं तुमचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

उत्तर आईनेच दिलं. "सायेब, नावं लिवून घ्यायला लागल्यावर आमीच म्होरं झालो. मागल्या खेपंला यादी केली तवा आमी रानात गेलतो, ऱ्हायलो. मला वाटलं, टपरीच्या जागंची यादी हाय. आधार बी दावलं — दोनदा!"

कोर्ट हसलं. मीही हसले. मग लक्षात आलं, आणि हसू तोंडातच राहिलं.

पुढची तारीख २ सप्टेंबर.

१९ ऑगस्ट, मंगळवार

हवालदार निलेश कागद घेऊन आला. नावं त्यानेच लिहिलेली. "यांनीच रांग लावली, मॅडम! बाकीचे गाड्या काढून पसार. थांबला त्याचं नाव लिहिलं. पळाला त्याचं कुठून आणू?"

"पळालेल्या टपऱ्या कोणाच्या, माहीत नव्हतं?"

"माहीत कसं नाही! रोजचा चहा तिथंच की." बोलून गेला, मग टोपी नीट करत बसला.

इथेच खरी गंमत आहे! निलेश लबाड नाही. पक्षपात करायला लबाडी लागतच नाही, सोय पुरते. वर्गभर गोंधळ चालू आहे आणि गुरुजी हजेरी घेतात. जो प्रामाणिकपणे 'हजर' म्हणतो, त्यालाच छडी! छडी नियमानेच बसली. पण पकडायला सोपा असणं हा कोणत्याही गुन्ह्याचा घटक नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

डबा द्यायला नंदाबाई आली. "मॅडम, टीव्ही घेतला व्हय? जिन्यात आवाज येतोय."

टीव्ही नव्हता. मीच होते. भिंतीला छडीचं उदाहरण समजावून सांगत होते.

आरोपीशी बोलायचं नाही. पोलिसांशी कामापुरतं. न्यायाधीशांशी फक्त उभं राहून. नियम योग्यच आहेत. प्रत्येकाचं कारण मी सांगू शकते. ऐकायला कोणी हवं. खिडकीतून घोरावाडी स्टेशन दिसतं. गाडी थांबते, लोक उतरतात, आपापल्या घरी जातात. एवढंच पाहत बसले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

खटला मागे घ्यायचा विचार कळवला होता. वरिष्ठांचा फोन. "तीन हजार प्रकरणं पडलीत आणि तुम्ही कणसांवर बसलात? दंड भरतील, विषय संपेल. बाकीच्या आठांची नावं वाढवायचीत का?"

म्हटलं, "दीड महिन्यानंतर पुरावा कुठला आणू?"

"मग कशाला? बघा बुवा, तुमच्या जबाबदारीवर."

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपतीची सुट्टी. फोन एकदा वाजला. बँकेचा.

२ सप्टेंबर, मंगळवार

खटला मागे घेण्याचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "उद्या सगळेच म्हणतील, बाकीचे सुटले, आम्हालाही सोडा."

"बाकीचे सुटले हा बचाव नाही, हे मान्य. पण हेच तीन का, हे सरकारला सांगता येत नाही. मला कागदावर एकच कारण सापडलं — हे पळाले नाहीत."

त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग संमती. तिघेही निर्दोष!

दाराशी सावित्राबाईचा आवाज — "मंजी, नाव कापलं आपलं? मंग पुन्यांदा यादी झाली तर?" उज्ज्वलाने तिचा दंड धरून बाहेर नेलं. जाता जाता माझ्याकडे पाहिलं. मी फायलीत पाहिलं.

घरी येताना पेढे घेतले. पाव किलो. एकटीला फार होतात.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज सहज एक चाचणी केली. कोणालाही जमेल. दंडाची कोणतीही यादी घ्यावी. गुन्हा, तारीख, रक्कम — सगळं कागदाने झाकावं. फक्त नावं उघडी ठेवावीत आणि आपल्या घरी कधी चहाला आलेल्या माणसाचं नाव शोधावं.

या वर्षभरात कबुलीवर निकाली निघालेली एकशे बारा प्रकरणं घेतली. एकही नाव सापडलं नाही. प्रत्येकावर 'सरकार पक्षाची हरकत नाही' — अक्षर माझं.