खाडीतलं एकटं पिल्लू

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभरात अकरा फवारे. अकरा! पूर्वी याच दिवसांत मोजता मोजता जीभ थकायची. पाहुणे मात्र खूश. पहिल्यांदा आलेल्याला एक देवमासा दिसला तरी जन्माचं सार्थक होतं. मी उभी राहून सगळं सांगितलं – किती टनांचा, कुठल्या थंड समुद्रातून येतो, किती महिने उपाशी पोहतो, मादी इथं आमच्या सान इग्नासिओच्या खाडीत येऊनच का विते. तेवीस वर्षं सांगतेय, झोपेतही सांगेन. यंदा उत्तरेतच खायला नाही, म्हणून तिकडून निघालेले निम्मे इथवर पोचलेच नाहीत, हे सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

सुकाणूवर माझा धाकटा भाऊ लिब्रादो. उतरताना म्हणाला, "नेरे, आज तू त्यांच्याकडे बघून बोलत होतीस. पाण्याकडे एकदाही बघितलं नाहीस."

बघायला होतं काय तिथं!

१० फेब्रुवारी

वारा. होड्या किनाऱ्यावर. छावणीच्या स्वयंपाकघरात आईच्या जागेवर मालकीणबाई दोन्या सोकोर्रोनं नवी बाई ठेवली आहे. टॉर्टिया बऱ्या करते. जाड करते. आई गेली त्याला या आठवड्यात महिना होईल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाहेरच्या वाळूच्या पट्टीवर मेलेली मादी लागली. लिब्रादोला गिधाडं दिसली, तशी होडी तिकडे घातली. ला पाझच्या विद्यापीठातली ब्रिसेइदा आमच्याबरोबर होती. तिशीचीही नाही अजून, पण हात न थरथरता सुरी चालवते. मला बघवत नव्हतं तरी बघितलं. डोक्यामागं मानेला खड्डा – माझा अख्खा हात बसला असता त्यात. उपासानं गेलेली.

"हिला पिल्लू झालेलं होतं," ब्रिसेइदा म्हणाली. "फार दिवस नाही झाले."

"मग ते कुठाय?"

"मी काय सांगू, मावशी? खाडी तुमची."

लिब्रादोनं टोपी काढली. मी नाही काढली. मला रागच येत होता सगळ्याचा.

१३ फेब्रुवारी

पिल्लू शोधलं. नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं!

खारफुटीकडच्या खोल पाण्यात. एकटं. आमची होडी दिसल्याबरोबर सरळ आलं आणि तळाला अंग घासायला लागलं. थुंकीसारखा एवढासा फवारा. नाकाच्या टोकानं होडीला ढुशा देत होतं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

पुएब्लाच्या एदुविहेसबाई – निवृत्त शिक्षिका, वय बहात्तर, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं – होडीच्या काठावर ओणव्या झाल्या आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पिल्लू हाताखाली थांबलं. बाई आधी हसल्या, मग ढसाढसा रडल्या. "खेळतंय हो माझ्याशी! नेरेइदा, बघितलंस? माझ्याशी खेळतंय!"

खेळत नव्हतं. होडीचा तळ त्याच्या आईच्या पोटाएवढा. ते काय शोधत होतं ते मला दिसत होतं.

"हो," मी म्हटलं. "खेळतंय."

लिब्रादो माझ्या कानाशी म्हणाला, "आई खाली असेल. थांब जरा." थांबलो. वीस मिनिटं. कोणी वर आलं नाही. लांब खाडीच्या मुखाच्या बाजूला एक फवारा उडाला, दोनेकशे हातांवर.

"ती बघ."

"ती? आई एवढी लांब राहते?"

"काही बुजऱ्या असतात, नेरे. होडीच्या जवळ येत नाहीत."

"तेवीस वर्षांत अशी एक दाखव मला. पिल्लू होडीला चिकटलंय आणि आई लांबून बघतेय, अशी एक!"

वाळूवरची मादी आणि हे पिल्लू – सांगायला कोणी शहाणा लागत नाही.

१६ फेब्रुवारी

बावन्नाव्या वर्षी माणूस पोरकं झालं तर लोक म्हणतात, वय झालं होतं त्यांचं. बरोबरच म्हणतात. पण त्या पिल्लाला महिनासुद्धा झालेला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उजाडताना छोटी होडी घेऊन एकटी गेले. या वेळेला जायला बंदी आहे, मला ठाऊक आहे. तो नियम मीच नव्या लोकांना शिकवते.

होडीचं मशीन बंद करून बसले – काही नाही. मग चालू केलं, पाण्यातला पंखा न फिरवता, नुसतं घुरघुरत ठेवलं. पाच मिनिटांत आलं! तळाला टेकलं आणि तसंच राहिलं. मी हात पाण्यात सोडला. कातडी उकडलेल्या अंड्यासारखी. अजून एकही शंख चिकटलेला नाही अंगावर, एवढं नवं.

मी दूध देऊ शकत नाही. कोणीच देऊ शकत नाही, रोज पिंपभर लागतं. आठवडाभर काढेल, फार तर दहा दिवस. ते दिवस त्यानं एकट्यानं काढू नयेत एवढंच मला करता येतं.

मशीन बंद केलं की निघून जातं. चालू केलं की येतं.

१९ फेब्रुवारी

गेले. आलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिब्रादोनं पकडलं. किनाऱ्यावर उभा होता, हातात कॉफीचे दोन पेले. म्हणजे भांडायच्या तयारीनं आला होता. भांडायचं असलं की तो आधी काहीतरी खायला-प्यायला देतो.

"किती दिवस चाललंय?"

"तीन."

"नेरे, ते खंगलेलं नाहीये. काल मी नीट बघितलं. मानेला वळ्या आहेत अजून."

"तुला सुकाणूवरून वळ्या दिसतात. मी हात लावून आलेय. खड्डा पडायला लागलाय."

"आणि मशीनच्या आवाजाची सवय लावतेस त्याला."

"मरणाऱ्याला कसली सवय लागायची, लिब्रादो?"

त्यानं माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि माझी कॉफी वाळूत ओतली. वय एकोणपन्नास! मग स्वतःच्या पेल्यातली निम्मी मला दिली.

दुपारी ब्रिसेइदाला फोटो पाठवले. तिचं उत्तर: फोटोवरून ठरवता येत नाही. आई दिसली नाही म्हणजे नाहीच असं धरू नका. जवळ जाऊ नका, लांबून लक्ष ठेवा.

ला पाझमध्ये खुर्चीत बसून लिहायला काय जातंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज माझी जीभ सुटली.

होडीत मोन्तेर्रेचं एक कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन मुली. पिल्लू आलं, नेहमीसारखं घासायला लागलं. मुली किंचाळत होत्या, बाप फोन वर धरून ओरडत होता, "पापी घे त्याची, पापी घे!" मुलीनं घेतलीसुद्धा. मग त्यानं मला विचारलं, "ही एवढी प्रेमळ कशी असतात हो?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्याची आई त्या पट्टीवर कुजतेय, हे भुकेनं कासावीस आहे, तुमच्या होडीला आई समजतंय, चार दिवसांत मरेल. सांगताना माझा आवाजही चढला नाही. पाठ केलेलं सांगावं तसं सांगत गेले. मुली अशा रडल्या की मोठीला उलटी झाली. लिब्रादो मान खाली घालून होडी चालवत होता.

दोन्या सोकोर्रोनं दार लावून घेतलं. "लोक एवढ्या लांब रडायला येतात का गं? रडायचं असेल तर त्यांच्या घरी जागा नाहीये?"

"मी खोटं बोलले नाही."

"खोटं बोल असं कोण म्हणतंय! गप्प बस म्हणतेय. तुझी आई वीस वर्षं माझ्या चुलीशी होती. तिच्या छातीत दुखत होतं हे तिनं कुणाला सांगितलं? मला नाही, तुलाही नाही."

मी म्हटलं, "म्हणूनच गेली ना ती."

दोन्यांनी दाराची कडी काढली. मग म्हणाल्या, उद्यापासून तू होडीत नाहीस. स्वयंपाकघरात बस, हंगाम संपेपर्यंत.

२४ फेब्रुवारी

शिंपल्या साफ केल्या. दोन टोपल्या.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे जातेच आहे. दोन्यांना ठाऊक असणार, किनाऱ्यावरून सगळं दिसतं. काही म्हणत नाहीत. लिब्रादोही आता म्हणत नाही. होडीत पेट्रोल भरलेलं सापडतं. माझ्यावर चिडून भरतो की माझी कीव येऊन, कोण जाणे.

आज खोल पाण्यापर्यंत पोचायच्या आतच ते समोरून आलं. लांबूनच आवाज ओळखलान! सरळ रेषेत, डोकं वर काढत, पाणी कापत माझ्याकडे. दीड महिन्यात पहिल्यांदा मी मोठ्यानं हसले. मग लाज वाटली. मरणारं पोर आपल्याला ओळखतं म्हणून हसायचं?

लिब्रादो म्हणतो, अकरा दिवस झाले, नेरे. उपाशी पोर अकरा दिवस असं पोहत नाही.

मी म्हटलं, चिवट आहे.

२७ फेब्रुवारी

नव्या बाईला टॉर्टिया पातळ करायला शिकवलं. तिला जमत नाही. मलाही आईसारख्या जमत नाहीत. दोघी मिळून जाडच केल्या.

१ मार्च, शनिवार

आज उशिरा आलं. सुस्त. तळाला टेकून पडून राहिलं, ढुशाही नाही. डोळा माझ्याकडे होता. हाताला मानेचा खड्डा लागला, या वेळी शंकाच नाही. तीन बोटं आत जातात.

त्याला सांगितलं – भिऊ नकोस, मी आहे. आईला हे सांगायला मी पोचले नव्हते. सांता रोसालियाचा दवाखाना कुठं आणि मी कुठं, त्या दिवशीही होडीतच होते, पाहुण्यांना फवारे मोजून दाखवत.

उद्यापरवा संपेल.

२ मार्च

वारा फार. जाता आलं नाही.

३ मार्च, सोमवार

आलं नाही. तासभर मशीन घुरघुरत ठेवलं. पाणी सपाट, काचेसारखं. पेट्रोल संपत आलं तेव्हा निघाले.

गेलं. निदान कुणाच्या फोनसमोर तरी नाही गेलं.

लिब्रादोला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." मी म्हटलं, बघायचं काय राहिलंय त्यात? त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी मी त्याच्या ठेवायचे तसा. मग जेवायला बसलो. दोघंही जेवलो.

४ मार्च, मंगळवार

मुखाजवळच्या वाळूवर लागलं. लिब्रादोनं मला बोलावलं तेव्हा वाटलं, फक्त निरोप द्यायला बोलावतोय.

पाठीवर पाच घाव. सारख्या अंतरावर, तिरके. पंखा. काल भल्या पहाटे बाहेरच्या कोळ्यांची एक भरधाव होडी मुखातून आत आली होती, शिंपल्या चोरायला येतात तशी. नव्या बाईच्या नवऱ्यानं आवाज ऐकला होता.

"त्यांना दिसलंही नसेल," लिब्रादो म्हणाला. मग, माझ्याकडे न बघता, "ते आवाजाकडे गेलं असणार, नेरे."

मी म्हटलं, "नाहीतरी दोन दिवसांत मेलंच असतं."

म्हटलं मी हे! उभं राहून, त्याच्या शेजारी, शांतपणे. आणि वर म्हटलं, उपासानं हळूहळू जाण्यापेक्षा हे बरं झालं. लिब्रादो पाण्याच्या कडेनं चालत लांब गेला आणि तिकडेच बसून राहिला.

ब्रिसेइदा उद्या येतेय.

५ मार्च

ब्रिसेइदानं पोट उघडलं. दूध. घट्ट, पांढरं, काठोकाठ. चरबी चार बोटं; मला लागलेला खड्डा म्हणजे मानेच्या वळ्यांमधली घडी. ती मला म्हणाली, "मावशी, हे रोज पीत होतं." वाळूवरची मादी दुसऱ्याच कुणाची तरी आई होती. याची जिवंत आहे. सकाळपासून मुखाशी फेऱ्या मारतेय, आणि आम्ही होडी घेऊन गेलो की लांब पळते.