सातव्या सामन्यानंतर

मिलवॉकी, सोमवार

आई,

मी बरा आहे आणि दोन वेळा जेवतो आहे, हे आधी वाच.

मालिकेचा शेवटचा, सातवा सामना आपण चार गुणांनी हरलो, ते तू टीव्हीवर पाहिलंच असशील. बास्केटबॉलच्या या सीझनचे ब्याऐंशी सामने, वर बाद फेरीचे तेरा. आज सकाळी लॉकर रिकामे करताना कुणाच्या अंगात पिशवी उचलायचंही त्राण नव्हतं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी पडलो, तेही दिसलं असेल. गुडघा जरासाच दुखतो. आमच्यात पडलेल्याला आपलेच खेळाडू धावत येऊन उचलतात. समोरच्याने हात दिला तरी घ्यायचा नसतो. लहानपणी चर्चच्या मैदानावर तूच मला तशी ताकीद द्यायचीस. पण आपले चौघेही बचावाला परत धावले होते. त्यांचा एक बावीस वर्षांचा खेळाडू वाकून म्हणाला, "उठा काका, सावकाश." मी त्याचा हात धरला.

नंतर आमचा टायरेल म्हणाला, "म्हाताऱ्या, त्यांचा हात कशाला घेतलास?"

मी म्हटलं, "तुझा फार लांब होता."

तो हसला नाही. बर्फाची पिशवी मात्र आणून दिली.

आपल्या धाकट्या लव्हर्नच्या बाळाला दात आले का? ओडेसा मावशीचा खोकला थांबला का?

गुरुवारी येतो. एकटीने मासे तळत बसू नकोस, दमशील. माझी वरची खोलीही झाडू नकोस. लव्हर्नच्या नवऱ्याला सांगून पलंग तेवढा खाली आणून ठेव.

तुझाच,
ऑर्लान