अंगणातला दिवा आणि ऑर्विल तेजोमेघ

१२ जुलै
घरातली पहिली पदवीधर म्हणून माझ्यावर जबाबदारी आहे. नेब्रास्काच्या लोकांना आकाशाकडे बघायला शिकवायचं. सुरुवात बाबांपासून. अंगणातला खांबावरचा दिवा ते रात्रभर जाळतात. मी म्हटलं, त्यानं तारे पुसले जातात. ते म्हणाले, आणि कायोटी कोल्हे कोंबड्या पुसून नेतात त्याचं काय? शेवटी करार झाला. काउंटी फेअरच्या जत्रेत माझ्या फोटोला बक्षिसाची रिबन मिळाली, तर दिवा कायमचा बंद. तोवर रात्री दिवा बंद, अंधार उसना.

२० जुलै
ढग. डाल्टन म्हणाला, प्रोफेसरबाई, आज किती ढग पकडले? धाकटे भाऊ असेच असतात. खगोलशास्त्राला संयम लागतो.

२७ जुलै
ढग. दुर्बीण पुसली. दोनदा.

२ ऑगस्ट
काल स्वच्छ! हंस तारकासमूहातला तेजोमेघ टिपला. पद्धत सोपी आहे. आधी दुर्बिणीला झाकण लावून काळे फोटो काढायचे, मग झाकण काढून खरे. काळ्यांत फक्त कॅमेऱ्याचे डाग येतात, ते संगणक खऱ्यांतून वजा करतो. डाल्टनला समजावलं. तो झोपला.
संगणकात जागा नव्हती. काळा ढीग पुसून टाकला. डाग काय, थोडे चालतात.

३ ऑगस्ट
उरलेले फोटो एकावर एक रचले. हंस नाही! एकही तारा नाही. मेघ फारच दाट असावा. फोटोचा उजेड खूप वाढवल्यावर कोपऱ्यात पंख्यासारखा तांबूस आकार उमटला. कुठल्याच नकाशात नाही. बाबांचंच नाव ठेवलं : ऑर्विल तेजोमेघ. बाबांना दाखवला. म्हणाले, मी एवढा मोठा?

११ ऑगस्ट
फेअर. परीक्षक लुंडक्विस्टकाका, दुर्बीण क्लबचे सगळ्यात जुने सभासद. फोटो कसा काढला ते सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, पोरी, नक्की कुठला ढीग पुसलास? तो पंखा म्हणजे कॅमेऱ्याची स्वतःची ऊब म्हणे. झाकणाच्या आतली.
त्यांचे डोळे थकले असतील. तरी घरी येऊन तपासलं. डोळे थकलेले नाहीत. पुसले गेले ते खरे फोटो.

१२ ऑगस्ट
रिबन आईनं भाजलेल्या रूबार्ब पायला. बाबांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी तरीही फोटो स्वयंपाकघरात टांगला आणि संध्याकाळी दिवा लावला. करार म्हणजे करार.
मी तारांगणाबद्दल, पुढच्या पिढ्यांबद्दल बोलले. बाबा म्हणाले, तुझे फोटो झाकण लावूनच निघतात ना? मग दिव्याचा त्रास कुणाला?
याचं उत्तर उद्या देईन. तोवर अंगणातच लिहीत बसले आहे. टॉर्च लागत नाही.